मांडीची कातडी आणि पॉलिसीचं आठवं कलम

आरोग्यविम्याची पॉलिसी शेवटच्या पानापर्यंत वाचणारी माणसं किती असतील? मी वाचते. हौस म्हणून नाही, आमच्या गोतावळ्यात असले कागद फिरून फिरून माझ्याच गळ्यात येतात म्हणून. तर तुमच्या कपाटातली पॉलिसी काढा, कंपनी कुठलीही असो, आणि 'कशाचे पैसे मिळणार नाहीत' ती यादी उघडा. त्यात एक्सक्ल ०६ आणि एक्सक्ल ०८ असे दोन कोड सापडतील. विमा नियामकाने, म्हणजे इर्डाईने, २०१९ साली ही कलमं सगळ्या कंपन्यांसाठी एकाच भाषेत करून दिली आणि १ ऑक्टोबर २०२० पासून ती जुन्या पॉलिसींनाही लागू झाली. त्याआधी प्रत्येक कंपनीची भाषा वेगळी आणि पळवाट वेगळी होती. म्हणजे हे काम मुळात ग्राहकाच्या भल्याचंच झालं. असो.

सहावं कलम लठ्ठपणाच्या ऑपरेशनचं. डॉक्टरांचा सल्ला हवा, उपचार मान्य वैद्यकीय पद्धतीला धरून हवा, वय १८ पूर्ण हवं आणि बीएमआय ४० किंवा जास्त हवा. तो ३५ किंवा त्याहून जास्त असेल तर जोडीला हृदयविकार, झोपेत श्वास अडकण्याचा गंभीर आजार किंवा आटोक्यात न येणारा मधुमेह यांपैकी काहीतरी हवं, आणि वजन उतरवायचे साधे उपाय करून झालेले हवेत. हे सगळं जुळत असेल तर या कलमाकडे बोट दाखवून कंपनीला नकार देता येत नाही.

आठवं कलम कॉस्मेटिक आणि प्लास्टिक सर्जरीचं. दिसण्यात बदल करणाऱ्या कुठल्याही उपचाराचे पैसे मिळणार नाहीत, असं ते सांगतं. अपवाद तीन: अपघात, भाजणं, कर्करोग. आणि चौथा एक, जो बहुतेकांच्या नजरेतून सुटतो: विमाधारकाच्या आरोग्याला असलेला थेट आणि तातडीचा धोका दूर करण्यासाठी वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक असेल, आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरने तसं लिहून दिलं असेल, तर.

आता ही दोन कलमं शेजारी ठेवून वाचा. सहाव्याच्या जोरावर कंपनी एका बाईचं जठर लहान करायला काही लाख रुपये मोजते. तिचं वजन पन्नास किलो उतरतं. मधुमेहाच्या गोळ्या सुटतात, रक्तदाब उतरतो, कंपनीचाही पुढचा खर्च वाचतो. सगळे खूष. फक्त कातडी उतरत नाही. ती दंडाला, पोटाला, मांड्यांना लोंबत राहते. आणि त्या कातडीचं काय करायचं असं विचारलं की आठवं कलम पुढे सरकवलं जातं. बाई, ही हौस झाली. हौसेला मोल नसतं म्हणतात, इथे ते तुमचं तुम्ही द्यायचं.

माझं भांडण 'कॉस्मेटिक' या एका शब्दाशी आहे.

ज्यांनी हे जवळून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. जुन्या लेंग्याचं इलॅस्टिक असतं ना, एकदा सैल झालं की झालं, तसं कातडीतल्या लवचीक तंतूंचं होतं. वर्षानुवर्षं ताणले गेले की ते तुटतात, आणि आतली चरबी गेली तरी परत आखडत नाहीत. व्यायामाने स्नायू बळकट होतो, कातडी कमी होत नाही. तेलाने होत नाही, क्रीमने होत नाही, बदाम खाऊन तर नाहीच नाही. मांडीचं दुखणं पोटापेक्षाही वाईट, कारण पोटाची घडी निदान एका जागी असते. मांड्या चालताना एकमेकींवर घासतात. मध्ये घाम अडकतो, काच पडतो, कातडी सोलवटते, जांघेत चिघळतं, आणि त्या ओलाव्यात गजकर्ण मजेत नांदतं. मग औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय मिळणारी ती तीन औषधं एकत्र केलेली ट्यूब आणली जाते. तिच्यातल्या स्टिरॉइडने चार दिवस बरं वाटतं, कातडी आणखी पातळ होते आणि गजकर्ण आणखी चिवट होऊन परत येतं. आपल्याकडे त्वचारोगतज्ज्ञ गेली कित्येक वर्षं या ट्यूबच्या नावाने बोटं मोडतायत.

माझी एक मावसबहीण आहे, मी तिला ताई म्हणते. मुंबईच्या उपनगरात राहते, शाळेत शिकवते, लोकलने जाते-येते. ११८ किलोवरून ती ६४ वर आली. पाच वर्षं भरलेल्या पॉलिसीने ते ऑपरेशन विनातक्रार दिलं, हे कंपनीच्या बाजूने आधीच सांगून टाकते. त्यानंतरचा तिचा सकाळचा कार्यक्रम असा: मांड्यांच्या मध्ये सुती कापडाच्या पट्ट्या, त्यावर पावडर, त्यावर सायकलवाले घालतात तशी घट्ट चड्डी, आणि मग पंजाबी ड्रेस. साडी तिने सोडली. जून ते सप्टेंबर पट्ट्या शाळेत एकदा बदलाव्या लागतात. पाळीच्या दिवसांचं मी लिहीत नाही, बायकांना कळेल. जिन्यात रेलिंग धरून ती आडवी उतरते. जमिनीवर मांडी घालून बसणं सोडून दिलंय, हळदीकुंकवाला गेली की खुर्ची मागते आणि वर "बारीक होऊनसुद्धा?" हे ऐकून घेते.

तिच्या प्लास्टिक सर्जनने सांगितलं की मांडीची जादा कातडी काढावी लागेल. याला थाय लिफ्ट म्हणतात. नाव असं की वाटावं काहीतरी उचलून सुंदर करतायत. प्रत्यक्षात जांघेपासून, गरज असेल तर थेट गुडघ्यापर्यंत, मांडीच्या आतल्या बाजूने चीर घेतात, जादा कातडी आणि तिच्याखालची चरबी काढतात आणि उरलेली कातडी शिवतात. हे ऑपरेशन १९५७ पासून वैद्यकीय साहित्यात आहे. पूर्वी त्याची कीर्ती बरी नव्हती, कारण टाके ओढले जाऊन व्रण खाली घसरायचा. १९८८ साली टेड लॉकवूड या अमेरिकन सर्जनने कातडी आतल्या मजबूत पडद्याला टाचायची पद्धत मांडली, तेव्हापासून ते पुष्कळ भरवशाचं झालं. तरी सोपं नाहीच. जांघ ही जखम भरायला शरीरातली सर्वांत वाईट जागा, ओली आणि सतत हलणारी. टाका उसवतो, पाणी साठतं, पायाला सूज राहू शकते, शिरेत रक्ताची गुठळी होण्याची भीती असते. पुढे कित्येक आठवडे दाब देणारा घट्ट पोशाख दिवसरात्र घालायचा. हे सगळं मिरवण्यासाठी कोण करून घेतं? आणि व्रण मांडीच्या आत, जिथे तो कुणाला दिसणारसुद्धा नाही!

कंपनीचं उत्तर एका ओळीचं आलं. 'ट्रीटमेंट इज कॉस्मेटिक इन नेचर, हेन्स नॉट पेएबल.' खाली आठव्या कलमाचा कोड. सर्जनचं पत्र सोबत होतं, त्वचारोगतज्ज्ञाच्या चिठ्ठ्या होत्या, आणि ताईने कसल्या मनाने काढून घेतले असतील तिचं तिला माहीत, असे फोटो होते. त्यांतलं काही उघडून पाहिल्याची खूण त्या ओळीत नव्हती. मी फोन केला तर पलीकडचा मुलगा अगदी नम्रपणे म्हणाला, "मॅडम, सिस्टीममध्ये प्रोसिजर कॉस्मेटिकमध्येच येतं." त्याच्यावर रागवून काय करणार? तो खरंच सांगत होता. सिस्टीममध्ये ते तिथेच येतं.

आणि नुसत्या विमा कंपनीच्या सिस्टीममध्ये नाही. आपल्या सरकारनेही ते तिथेच टाकलंय. आरोग्यसेवेला जीएसटीतून सूट आहे, पण त्या सूटीच्या व्याख्येतून कॉस्मेटिक आणि प्लास्टिक सर्जरी बाहेर काढलेली आहे. जन्मजात व्यंग, वाढीतला दोष, इजा किंवा आघात यांमुळे बिघडलेली रचना वा कार्य पूर्ववत करायचं असेल तर सूट, एरवी कर. याची सुरुवात जीएसटीच्याही आधीची, कॉस्मेटिक सर्जरीवर सेवाकर आला तो १ सप्टेंबर २००९ पासून. आता पन्नास किलो वजन उतरल्यावर लोंबणारी कातडी जन्मजात नाही, इजा नाही, आघात नाही. म्हणजे ताईने कर भरायचा. पण खरी मौज पुढे आहे. जीएसटीत प्रत्येक सेवेला एक क्रमांक असतो. ९९९७२२ या क्रमांकाखाली काय येतं? कॉस्मेटिक उपचार (कॉस्मेटिक-प्लास्टिक सर्जरीसह), मॅनिक्युअर आणि पेडिक्युअर. एकाच ओळीत, एकाच दमात. भूल देऊन मांडी गुडघ्यापर्यंत उघडायची आणि नखं घासून रंगवायची, दोन्ही एकाच गठ्ठ्यात. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा कुणीतरी चेष्टा करतंय असंच वाटलं.

याच्या उलट अमेरिकेतल्या बिलिंगच्या यादीत या ऑपरेशनचा क्रमांक १५८३२ आहे, आणि समोरचं वर्णन नुसतं 'मांडीवरील जादा त्वचा व त्वचेखालची ऊती काढणे' अशा अर्थाचं आहे. सौंदर्याचा उल्लेख नाही. म्हणून तिकडच्या कंपन्या उदार आहेत असं समजू नका. पोटाच्या लोंबत्या घडीचं ऑपरेशन त्या अटी घालून कधीकधी देतात, मांडीला बहुतेक वेळा नाहीच म्हणतात. पण निदान वाद अवस्थेवर होतो: घडी किती खाली येते, पुरळ किती महिने औषधाला दाद देत नाहीये, वजन किती दिवस स्थिर आहे. आपल्याकडे वाद सुरूच होत नाही, कारण तो शब्द आधीच निकाल देऊन बसलेला असतो.

या शब्दाला जन्माला घालण्यात डॉक्टरमंडळींचाही हात आहे, हे सांगायला हवं. मोठ्या शहरांतल्या जाहिराती बघा. तीच थाय लिफ्ट 'बॉडी कॉन्टूरिंग' म्हणून, 'मम्मी मेकओव्हर'च्या पॅकेजात, सोप्या हप्त्यांवर. बिकिनीतली गोरी पोरगी आणि खाली फोन नंबर. दहा बायकांना ती तशी विकायची आणि अकरावी रांगेत खरंच सोलवटलेल्या मांड्या घेऊन आली की तिच्यासाठी 'वैद्यकीय गरज' असं पत्र लिहायचं. विमा कंपनीने कुठलं खरं मानावं? ताईच्या पहिल्या एस्टिमेटवर हॉस्पिटलच्या छापील फॉर्मचं शीर्षकच 'कॉस्मेटिक सर्जरी एस्टिमेट' असं होतं. पत्र काहीही म्हणो, क्लार्कने शीर्षक वाचलं आणि फाईल मिटली.

आता खर्चाचं. याचा आकडा कुणी सरळ सांगत नाही, आणि मला याची सर्वांत जास्त चीड आहे. आम्ही तीन ठिकाणी विचारलं. सर्वांत कमी एक लाख ऐंशी हजार, सर्वांत जास्त तीन लाख चाळीस हजार. दुपटीच्या जवळपास फरक! ऑपरेशन तेच, मांड्याही त्याच. फरक कशाचा, ते शोधायला दोन आठवडे गेले. एका ठिकाणी आकड्यात फक्त सर्जनची फी आणि थिएटर होतं. भूलतज्ज्ञ वेगळा, खोली वेगळी, तपासण्या वेगळ्या. दुसरीकडे 'पॅकेज' होतं, पण एका रात्रीचं. जखमेतून जास्त पाणी आलं आणि मुक्काम वाढला की मीटर सुरू. कर धरलाय की नाही, हे तिघांपैकी एकानेही आपण होऊन सांगितलं नाही. शिवाय चीर नुसती जांघेत घेणार की गुडघ्यापर्यंत, यावर वेळ बदलतो आणि वेळेवर सगळंच बदलतं. तेव्हा 'थाय लिफ्टला किती लागतात' या प्रश्नाला एक उत्तर नाही. कुठली चीर, किती तास, किती रात्री, काय धरून आणि काय सोडून, हे लेखी घेतल्याशिवाय आकडा ऐकूच नये.

आणि कागदावर न येणारा खर्च निराळा. दाबाचे पोशाख दोन लागतात, एक धुवायला टाकला की दुसरा. ड्रेसिंगच्या फेऱ्या, त्याही रिक्षाने, कारण लोकलमध्ये उभं राहता येत नाही. निदान दोन-तीन आठवड्यांची रजा. घरात स्वयंपाकाला बाई. टाका उसवला तर पुन्हा थिएटर, आणि ते पुन्हा कोण देणार हा वेगळाच प्रश्न, कारण मूळ ऑपरेशनच पॉलिसीबाहेरचं असलं की त्याच्या गुंतागुंतीवरही कंपनी बोट ठेवू शकते. समजा एखाद्या कंपनीने दिलेच पैसे, तरी जिच्या पॉलिसीत खोलीभाड्याला मर्यादा आहे तिला वरच्या दर्जाची खोली घेतल्याबद्दल बाकीच्या बिलातही त्याच प्रमाणात कात्री लागते. आणि रुग्णाकडून वसूल करायच्या वस्तूंची एक ६८ नगांची यादी असते, ज्यांचे पैसे साध्या पॉलिसीत मिळत नाहीत. त्या यादीत 'लेगिंग्ज' हा शब्द आहे. ब्यूटी सर्व्हिसेसही आहेत, बरं का, त्याच यादीत, थोड्या वर.

आता समोरची बाजू. ती मला पाठ झालीय, कारण घरातच ऐकलीय.

पहिलं: स्वतः खाऊन वजन वाढवलं, आता लोकांच्या हप्त्यांतून कातडी का कापायची? ठीक आहे. मग आयुष्यभर गुटखा चघळणाऱ्याचा जबडा काढावा लागला तर? कंपनी देते, आणि द्यायलाच हवं. त्याचं तोंड नव्याने बनवायला कातडी कुठून घेतात माहीत आहे? पुष्कळदा मांडीतूनच. म्हणजे मांडीची कातडी काढून गालात लावली तर आठव्या कलमाचा अपवाद, आणि ती मांडीवरच चिघळत असेल म्हणून काढली तर आठवं कलम. मी गुटखावाल्याच्या पैशांवर डोळा ठेवून नाहीये. पण 'स्वतःच ओढवून घेतलं' हा निकष विम्यात सगळ्यांना सारखा लावतात का ते दाखवा. सिगारेट ओढणाऱ्याच्या बायपासला नाही. मग लठ्ठ बाईच्याच वेळी आपल्यातला न्यायाधीश जागा का होतो? शिवाय लठ्ठपणाच्या ऑपरेशनचे पैसे देताना कंपनीने त्याला आजार मानलंच आहे. आजार मानायचा आणि आजाराच्या उपचाराचा ठरलेला परिणाम मानायचा नाही, असं कसं?

दुसरं: याने कुणी मरत नाही. बरोबर, मरत नाही. कलमातले ते 'थेट आणि तातडीचा' शब्द इथेच नडतात. मला सांगा, मोतीबिंदूने कोणी मेलेलं ऐकलंय? गुडघ्याची वाटी झिजल्याने? मूळव्याधीने? या सगळ्यांचे पैसे ठरावीक काळ थांबल्यावर मिळतात, आणि तिथे कुणी 'तातडीचा धोका' विचारत नाही. माणसाला चालता, बसता, दिसता यावं एवढं पुरतं. ताईलाही चालायचंच आहे. पण तिच्या दुखण्याला कातडी नावाच्या अवयवात होण्याची दुर्बुद्धी झाली, आणि ते दुरुस्त करणाऱ्या डॉक्टरच्या पाटीवर 'प्लास्टिक' हा शब्द आहे.

तिसरं जरा वजनदार आहे: हे दिलं तर उद्या प्रत्येक जण मांड्या बारीक करायला येईल आणि सगळ्यांचे हप्ते वाढतील. ही भीती खोटी नाही. मांड्या नुसत्या जाड आहेत म्हणून, किंवा जीन्स नीट बसत नाही म्हणून होणाऱ्या थाय लिफ्टचे पैसे मी माझ्या हप्त्यातून देणार नाही, आणि कुणी देऊही नयेत. पण हीच भीती लठ्ठपणाच्या ऑपरेशनच्या वेळी होती. पूर्वी बहुतेक पॉलिसींत ते सरसकट बाहेर होतं. मग काय केलं? दार भिंत करून बुजवलं नाही, दाराला अटींचं कुलूप लावलं. बीएमआय इतका, सोबतचे आजार इतके, आधीचे उपाय इतके. सहावं कलम म्हणजे तेच कुलूप. तसंच आठव्याला लावता येईल, त्यात अवघड काय आहे? वजन मोठ्या प्रमाणात उतरलेलं असावं आणि निदान सहा महिने स्थिर असावं. त्वचारोगतज्ज्ञाने निदान तीन महिने उपचार करून पुरळ हटत नाही असं नोंदवलेलं असावं. चालण्या-बसण्यात येणारी अडचण तपासून लिहिलेली असावी. ज्यांना जीन्सची चिंता आहे ते या अटींत आपोआप गळतील. अटी कडक असू द्या, हवं तर माझ्यापेक्षा कडक करा. पण अटी असू द्या.

शब्द बदलला की काय होतं याचं एक उदाहरण अमेरिकेतच आहे. स्तन काढावा लागलेल्या बाईला तो पुन्हा बनवून देणं हे एकेकाळी तिकडेही 'कॉस्मेटिक' म्हणून नाकारलं जायचं. १९९८ साली त्यांनी कायदा केला: जी पॉलिसी स्तन काढण्याचे पैसे देते तिने पुनर्रचनेचेही द्यायचे, अगदी दुसरा स्तन जुळवून घेण्याचेसुद्धा. ऑपरेशन तेच राहिलं, सर्जन तेच राहिले. आजाराचा उपचार कुठे संपतो, ती रेघ फक्त पुढे सरकली. आपल्या आठव्या कलमात कर्करोगाचा अपवाद आहे तो याच समजुतीने. तीच रेघ आणखी जरा सरकवा एवढंच मागणं आहे.

आणि हे मागणं वाढत जाणार आहे. मार्च २०२५ मध्ये माउंजारो आणि जूनमध्ये वेगोव्ही ही वजन उतरवणारी इंजेक्शनं भारतात आली. आता वीस-तीस किलो उतरवायला जठर कापायलाच हवं असं राहिलेलं नाही. ज्यांचं वजन भराभर उतरेल त्यांची कातडी मात्र जुन्याच वेगाने वागणार. आज ही गोष्ट ताईसारख्या थोड्या बायकांची वाटते. आणखी काही वर्षांनी गल्लोगल्ली असेल, आणि तेव्हाही सिस्टीममध्ये ते मॅनिक्युअरशेजारीच असेल.

तोवर काय करायचं? जे आहे त्या कलमाचा चौथा अपवाद वापरायचा. तो शोभेला छापलेला नाही. 'वैद्यकीय गरज' हे उपचार करणाऱ्या डॉक्टरने लिहून द्यायचं असतं, विमा कंपनीच्या कॉल सेंटरने नव्हे. ते पत्र 'पेशंटला त्रास होतो' असं गुळमुळीत नको. कुठे जखम, किती वेळा जंतुसंसर्ग, कुठली औषधं किती दिवस, चालताना काय होतं, ऑपरेशन केलं नाही तर काय धोका, असं हवं. खोटं लिहून घ्या असं मी मुळीच सांगत नाही. खोटं पकडलं गेलं तर पुढची पॉलिसीही जाते. एस्टिमेटवर छापील 'कॉस्मेटिक' असेल तर ते बदलून जे करणार तेच लिहून मागा. ऑपरेशनच्या आधीच कंपनीकडून लेखी उत्तर घ्या, आणि नकार आला तर तो कुठल्या कलमाच्या कुठल्या भागाखाली हे विचारा. इर्डाईच्या २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे कुठलाही क्लेम कंपनीच्या आढावा समितीच्या मान्यतेशिवाय नाकारता येत नाही. समितीने काय पाहिलं ते विचारायला लाजू नका.

मग कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल. त्यांची कार्यालयं मुंबईत आणि पुण्यात आहेत, फी नाही, वकील लागत नाही (चालतही नाही), ५० लाखांपर्यंतचा निवाडा ते देऊ शकतात आणि तो कंपनीवर बंधनकारक असतो. नकार आल्यापासून वर्षाच्या आत जायचं, एवढी एक तारीख भिंतीवर लिहून ठेवा.

ताईची तक्रार तिथे गेलीय. फाईल मी लावली. सर्जनचं नवं पत्र तीन पानांचं आहे, एस्टिमेटचं शीर्षक बदलून मिळालंय, त्वचारोगतज्ज्ञाकडच्या अकरा भेटींच्या चिठ्ठ्या तारखेप्रमाणे लावल्यात. लठ्ठपणाच्या ऑपरेशनचं कंपनीचंच मंजुरीपत्र मी मुद्दाम सर्वांत वर ठेवलंय. फोटो बंद पाकिटात आहेत, आणि पाकिटावर ताईने स्वतःच्या अक्षरात लिहिलंय: कृपया महिला अधिकाऱ्यांनी उघडावे.